कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून माउथ पब्लिसिटी: कंपनीने ती नीट कशी उभी करावी

सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मार्केटिंगचा मेसेज येतो: "कंपनीच्या पेजवर नवीन पोस्ट आली आहे. सर्वांनी लाइक, कमेंट, शेअर करा आणि स्क्रीनशॉट इथे टाका." मुंबईतलं बीकेसी असो, अंधेरीची एमआयडीसी असो की ऐरोलीचं आयटी पार्क, मेसेज सगळीकडे हाच. तासाभरात तीस स्क्रीनशॉट जमतात, रिपोर्टमध्ये आकडा चढतो आणि विचारणा एकही येत नाही. कारण या तीस जणांच्या मित्रयादीत बरेच लोक त्याच ऑफिसातले असतात, आणि बाकीच्यांना हुकमावरून केलेलं शेअर लगेच ओळखू येतं.

तरीही ओळखीच्या माणसाच्या शब्दाला वजन आहेच. नील्सनच्या २०२१ च्या जागतिक पाहणीत ८८ टक्के लोकांनी सांगितलं की ओळखीच्यांच्या शिफारशीवर त्यांचा इतर कुठल्याही माध्यमापेक्षा जास्त विश्वास आहे. हा विश्वास कर्मचाऱ्याने स्वतः कमावलेला असतो, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून, मित्रांना खरं ते सांगून. कंपनी पगार देते तो कामाचा, या विश्वासाचा नाही. म्हणून कंपनी इथे फक्त विनंती करू शकते, आणि विनंती करायची तर सांगण्याजोगं काहीतरी हातात द्यावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरून लिहिल्या आहेत. आकडे देताना साधारण ६० ते ३०० माणसांची कंपनी डोळ्यांपुढे ठेवली आहे.

पहिली पायरी: ओळखी कुठे आहेत ते समजून घ्या

मुंबईतल्या नोकरदाराच्या फोनमध्ये पाच-सहा वेगळी जगं असतात. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, भावकीचा, गणपती मंडळाचा, भिशीचा, आणि डोंबिवली-कल्याण किंवा विरारहून येणारा असेल तर ट्रेनचा. ट्रेनच्या ग्रुपात बँकेतला क्लार्क, मंत्रालयातला कक्ष अधिकारी, औषध कंपनीचा एमआर आणि सीए फर्ममधली आर्टिकल (शिकाऊ) रोज एकाच डब्यात येतात. एरवी ही माणसं एकमेकांना भेटलीही नसती. अशा ग्रुपमधून बातमी फार लांब जाते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच दाखवून दिलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ज्याने माहिती दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. फक्त १६.७ टक्क्यांनी नेहमी भेटणाऱ्याचं नाव घेतलं, ५५.६ टक्क्यांनी अधूनमधून भेटणाऱ्याचं आणि २७.८ टक्क्यांनी क्वचित भेटणाऱ्याचं. जवळच्या माणसांना आपल्याला असते तीच माहिती असते. नवी माहिती लांबच्या ओळखीतून येते. म्हणून कोणाचे फॉलोअर किती यापेक्षा कोणाचा वावर किती वेगवेगळ्या वर्तुळांत आहे, ते पाहा. इन्स्टाग्रामवर दोन हजार फॉलोअर असलेल्या इंटर्नपेक्षा सोसायटीच्या कमिटीवर असलेल्या, मंडळाचे हिशेब बघणाऱ्या अकाउंटंट काकांचा शब्द जास्त घरांत पोचतो.

हे कळण्यासाठी एका पानाचा, ऐच्छिक फॉर्म द्या. प्रश्न तीनच. तुम्ही स्वतःहून कुठे लिहिता किंवा स्टेटस ठेवता? आपल्या कामाबद्दल तुम्हाला बाहेरचं कोण विचारतं? आणि कुठे अजिबात काही टाकणार नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक जण भावकीचा आणि ट्रेनचा ग्रुप तिथे लिहितात, आणि त्या उत्तरापुढे कंपनीने काहीही बोलू नये.

संपर्कांची यादी मात्र कधीही मागू नका. "प्रत्येकाने ५० नाव-नंबर एक्सेल शीटमध्ये भरून द्या" ही मागणी रिअल इस्टेट, विमा आणि क्लासेसच्या धंद्यात सर्रास होते. शेजारणीने नंबर दिला तो मैत्रिणीला, मैत्रिणीच्या कंपनीला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे, आणि अशा शीटमधल्या एकाही माणसाची संमती तुमच्याकडे नसते.

दुसरी पायरी: नियम आधी, पोस्ट नंतर

भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे मुंबईतच मुख्यालय असलेली आस्की, हिने डिजिटल माध्यमांतल्या इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. १४ जूनपासून ती लागू झाली. जाहिरातदाराशी असलेला जो हितसंबंध उघड करायचा, त्यात पैसे आणि फुकट वस्तू यांच्याबरोबर नोकरीचं नातंही येतं. उघड करण्यासाठी ठरवून दिलेल्या शब्दांत 'एम्प्लॉयी' हा शब्दही आहे. म्हणजे "मी काही इन्फ्लुएन्सर नाही, साधा नोकरदार आहे" एवढं म्हणून सुटका होत नाही. आपल्याच कंपनीच्या मालाची शिफारस करताना नोकरीचं नातं सांगायला हवं.

कसं सांगायचं, तेही ठरलेलं आहे. मजकुरात हा उल्लेख पहिल्या दोन ओळींत हवा, 'आणखी वाचा'वर बोट दाबायच्या आधी दिसेल असा. प्रोफाइलच्या परिचयात कंपनीचं नाव आहे, तेवढं पुरत नाही, कारण पोस्ट सुटी फिरते. शेवटच्या हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेला शब्दही चालत नाही. नुसता फोटो असेल तर शब्द फोटोवर हवा. व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा असेल तर हा शब्द किमान ३ सेकंद दिसायला हवा. १५ सेकंद ते २ मिनिटांचा असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठा असेल तर ब्रँडबद्दल बोलणं चालू आहे तो सगळा वेळ. भाषा इंग्रजी किंवा पोस्टची जी असेल ती. मराठी पोस्टमध्ये सुरुवातीलाच "मी या कंपनीत काम करतो" असं सरळ वाक्य आम्हाला सगळ्यांत बरं वाटतं. लेबल म्हणून 'एम्प्लॉयी' हा शब्दही सोबत ठेवा.

आस्की ही उद्योगाने स्वतःवर घातलेली शिस्त आहे. तिच्या मागे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्ष, पुन्हा घडल्यास तीन वर्षं बंदीही येऊ शकते. केलेला दावा तपासून घेतला होता असं दाखवता आलं तर शिफारस करणारा सुटतो. म्हणून कर्मचाऱ्याला दिलेल्या प्रत्येक दाव्याचा पुरावा कंपनीने फाइलमध्ये ठेवणं हे त्याच्याप्रती कंपनीचं कर्तव्य आहे.

कर्मचाऱ्यांना कामाला लावून ओळख लपवली की काय होतं, याची दोन उदाहरणं अमेरिकेत घडली आहेत आणि दोन्ही ट्रेनिंगमध्ये सांगण्यासारखी आहेत. २०१२ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन व्हिटा या गेम खेळायच्या यंत्राच्या जाहिरातीवर काम करणाऱ्या डॉइच एलए या एजन्सीने आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या ट्विटर खात्यांवरून ठरलेला हॅशटॅग लावून कौतुक करायला सांगितलं. आपण एजन्सीचे लोक आहोत हे त्यांनी सांगितलं नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये एजन्सीवर कारवाई केली. २०१९ मध्ये संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं प्रकरण आलं. कर्मचाऱ्यांना खोटी खाती उघडून सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकान-साखळीच्या साइटवर रिव्ह्यू लिहायला लावले होते, ओळख लपावी म्हणून व्हीपीएन वापरायलाही सांगितलं होतं. दोन्ही वेळा सूचना लेखी होती, आणि तीच पुरावा ठरली.

आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० : २०२२ हे मानक आहे. गूगल मॅप्सचं धोरणही स्वतःच्या नोकरीच्या जागेला रिव्ह्यू देऊ देत नाही. सबब, कर्मचाऱ्यांकडून रेटिंग आणि रिव्ह्यू घेणं पूर्ण बंद. यात सवलत नको, पाच तारेही नकोत.

क्षेत्रानुसार वेगळ्या अटी आहेत. मुंबईत ज्यांचा भरणा जास्त त्यांच्यापुरतं थोडक्यात:

बांधकाम: महारेराकडे (राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ हवं. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. साइटवरच्या सुपरवायझरने उत्साहाने सँपल फ्लॅटचा फोटो आणि "बुकिंग सुरू" असं स्टेटस ठेवलं, तर त्यात यांपैकी काहीच नसतं. कंपनीने क्रमांक आणि कोड छापलेलं तयार चित्रच द्यावं आणि त्याशिवाय काही टाकू नये असं स्पष्ट सांगावं. ओळखीतून आलेल्या बुकिंगवर कमिशन द्यायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. मोबदला घेऊन ग्राहकाची ओळख करून देणाराही रेरा कायद्यातल्या एजंटच्या व्याख्येत येतो, आणि एजंटला नोंदणी लागते.

शेअर बाजारात नोंदलेली कंपनी: तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतली माहिती असलेल्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. तेवढ्या काळात विक्री, ऑर्डर, नवीन प्लांट यांबद्दल कोणीही काही टाकू नये. "या महिन्यात डिस्पॅचला श्वास घ्यायला वेळ नाही" हे गोडाउनमधलं निरागस वाक्यही विश्लेषकाला पुरतं. कार्यक्रमाच्या कॅलेंडरमध्ये हे आठवडे आधीच लाल करून ठेवा.

विमा: प्रीमियममध्ये सूट देण्याचं आमिष विमा कायद्याच्या कलम ४१ खाली चालत नाही. "माझ्याकडून घे, पहिला हप्ता मी भरतो" हा प्रकार त्यातच येतो.

औषध, आयुर्वेद, आरोग्य: आजार बरा होतो असे दावे १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतात. इथे कर्मचाऱ्यांनी कंपनीतल्या कामाबद्दल बोलावं, औषधाच्या गुणाबद्दल नाही.

तिसरी पायरी: दोन पानांचं धोरण

वीस पानी धोरण कोणी वाचत नाही. दोन पानं मराठीत, दोन इंग्रजीत, सहीसाठी जागा. त्यात एवढं हवंच:

सहभाग ऐच्छिक आहे, नकाराचं कारण विचारलं जाणार नाही. अप्रेझल, बढती, रजा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. कोणताही मॅनेजर स्क्रीनशॉट मागणार नाही. कामाच्या वेळेत आठवड्याला अर्धा तास यासाठी मोकळा मिळेल. खात्याचा पासवर्ड, खात्याशी जोडणी किंवा मित्रयादी कंपनी घेणार नाही. टाकलेली पोस्ट कर्मचारी कधीही काढू शकतो. मंजूर माहितीवर आधारलेल्या पोस्टवरून तक्रार आली तर जबाबदारी कंपनीची. आणि काय टाकायचं नाही: ग्राहकाचं नाव किंवा पत्ता, जाहीर न झालेले आकडे, प्रतिस्पर्ध्यावर टीका, सहकाऱ्याचा त्याला न विचारता काढलेला फोटो.

दुसरं वाक्य, अप्रेझलचं, एचआर प्रमुखाच्या सहीने जायला हवं. मार्केटिंगने दिलेल्या शब्दावर खालच्या फळीतली माणसं विसंबत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

चौथी पायरी: पहिली तुकडी आणि दीड तासाचं ट्रेनिंग

सुरुवातीला १२ ते १५ जण पुरेत, मुदत सहा आठवडे. सेल्सचे तीनाहून जास्त नकोत, कारण सेल्सवाला बोलला की ऐकणाऱ्याला विक्रीच ऐकू येते. सर्व्हिस, डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स, रिसेप्शन, कारखाना असेल तर शॉप फ्लोअर, अशी मिसळ करा. एक तरी माणूस असा हवा जो उघडपणे "मला हे पटत नाही" म्हणेल. मजकुरातलं खोटं सर्वांत आधी त्याच्या लक्षात येतं.

ट्रेनिंग ९० मिनिटांचं, सगळ्यांच्या हातात फोन. पहिली २० मिनिटं नियम आणि वरची दोन उदाहरणं. पुढची २० प्रायव्हसी सेटिंगसाठी: व्हॉट्सॲप स्टेटस कोणाला दिसावं आणि कोणाला वगळावं, फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या कशा करायच्या. कंपनीचं नाव घेऊन बोलायला लागलं की अनोळखी माणसं प्रोफाइल चाळतात, घरच्या मुलांचे फोटो आधी आवरलेले बरे. महिला सहकाऱ्यांना अनोळखी मेसेज यायला लागले तर कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर इथेच द्या. उरलेला वेळ प्रत्येकाने एक पोस्ट लिहायची आणि शेजारच्याने ती वाचून दाखवायची.

ज्यांना लिहायचा सराव नाही त्यांना वगळू नका. त्यांनी एक मिनिटाची व्हॉइस नोट बोलावी, कंटेंट सांभाळणाऱ्याने ती जशीच्या तशी टाइप करून त्यांना परत दाखवावी. त्यांची बोलण्याची ढब बदलायची नाही. "फिल्टर चोकअप झालता" हे "फिल्टरमध्ये अडथळा निर्माण झाला होता" असं सुधारलं की ते त्या माणसाचं राहत नाही.

पाचवी पायरी: सांगण्याजोगं काय आहे?

कार्यक्रम जगतो की मरतो ते इथे ठरतं. समजा, कंपनी वॉटर प्युरिफायर विकते. मार्केटिंगने दिलेली ओळ अशी: "शुद्ध पाणी, निरोगी कुटुंब! या आठवड्यात खास सूट, आजच बुक करा!" सर्व्हिस इंजिनीअरने ही ओळ सोसायटीच्या ग्रुपवर टाकली तर कोणीतरी हात जोडल्याची इमोजी टाकेल आणि विषय संपेल. त्याच इंजिनीअरने हे लिहिलं तर?

"मी प्युरिफायर विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहे, हे आधीच सांगतो. नवीन फिल्टर घेण्याआधी घरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. नळाचं पाणी थेट ग्लासात घ्या, मीटर खुणेपर्यंत बुडवा, आकडा स्थिर झाला की वाचा. पालिकेचं तलावाचं पाणी असेल तर आकडा बहुधा बराच कमी येईल. मग आरओ लागत नाही, यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आकडा चढतो. ५०० च्या वर गेला तर आरओचा विचार करा. टीडीएसवरून जंतू कळत नाहीत, म्हणून टाकी साफ करणं आलंच. मीटर आणला की बोलवा, रविवारी दाखवतो."

यातली माहिती पक्की आहे. मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, मोडक सागर, वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून, आणि त्यात क्षार कमी असतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये त्याहून कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको अशी भूमिका घेतली. पोस्टमध्ये कंपनीतला हुद्दा पहिल्याच वाक्यात आहे, किंमत नाही, लिंक नाही, आणि वाचणाऱ्याचे काही हजार वाचवणारा सल्ला आहे.

मार्केटिंग प्रमुख इथे अडतो: "आपलाच माणूस आरओ घेऊ नका सांगतोय?" हो, सांगतोय, आणि म्हणूनच पुढच्या वेळी बोअरचं पाणी असलेल्या इमारतीतला माणूस त्यालाच फोन करतो. कंपनीला ही मोकळीक देता येत नसेल, तर कर्मचाऱ्यांच्या ओळखीच्या वाटेला जाऊ नये आणि सरळ पैसे देऊन जाहिरात करावी. त्यात काही वाईट नाही.

प्रत्येक आठवड्याला अशा दोन विषयांची पुडकी तयार करा, तिसरं नको. पुडक्यात तयार पोस्ट नसावी. तपासलेली तीन-चार तथ्यं, प्रत्यक्ष जागेवरचा एक फोटो, हवी असेल तर लिंक, आणि "हे म्हणू नका" अशा दोन ओळी. शब्द ज्याने त्याने आपले घालावेत. तयार मजकूर दिला की तो चाळीस जणांकडून शब्दशः, त्याच चुकीसकट, एकाच दुपारी बाहेर पडतो, आणि दोन सहकाऱ्यांना ओळखणाऱ्या कोणालाही सगळा प्रकार कळतो. बुधवारी पुडकं द्या, टाकायला पुढचे सहा दिवस मोकळे ठेवा, आणि एका माणसाकडून आठवड्याला एकाहून जास्त पोस्टची अपेक्षा ठेवू नका.

फोटो पाठवण्याआधी त्याचे चारही कोपरे मोठे करून बघा. मागच्या व्हाइटबोर्डवरचे आकडे, उघडा लॅपटॉप, गळ्यातल्या आयडी कार्डाचा बारकोड, ग्राहकाच्या दारावरची पाटी. गळती बहुतेक वेळा इथूनच होते.

सहावी पायरी: माध्यमाचा स्वभाव

व्हॉट्सॲपवर स्टेटस सर्वांत सुरक्षित, कारण ज्याला पाहायचं तोच उघडतो आणि २४ तासांत ते जातं. ग्रुपवर टाकायचं तर कोणी प्रश्न विचारल्यावरच, आणि ॲडमिनचा नियम पाहून. ब्रॉडकास्ट लिस्ट टाळा. तिची मर्यादा २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे जवळच्यांनाच त्रास. एकच मेसेज पाचांहून अधिक चॅटमध्ये एकदम फॉरवर्ड होत नाही, आणि खूप फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो. तो बाण दिसला की वैयक्तिक शिफारस म्हणून त्याची किंमत संपली. स्वतःच्या सिमवरून प्रचाराचे एसएमएस पाठवायला तर कोणालाच सांगू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तो नोंदणी नसलेला टेलिमार्केटर ठरतो, आणि जोडणी तुटते ती कर्मचाऱ्याची.

लिंक्डइनवर पोस्ट ३,००० अक्षरांपर्यंत जाते, पण फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. हुद्दा आणि मुद्दा दोन्ही तिथेच बसवा. भरती, तांत्रिक काम आणि कंपन्यांना विकला जाणारा माल यांसाठी ही जागा चांगली. घरगुती वस्तूंसाठी वेळ घालवू नका. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, स्टोरीत लिंकचं स्टिकर लावावं लागतं.

पोस्टखाली तक्रार आली तर कर्मचाऱ्याने वाद घालायचा नाही, कमेंट पुसायचीही नाही. "मी हे सर्व्हिसच्या लोकांपर्यंत पोचवतो, नंबर मला खाजगीत पाठवा" एवढं लिहून ठरलेल्या माणसाला कळवायचं. त्या माणसाने कामाच्या दिवशी चार तासांत ग्राहकाला फोन केलाच पाहिजे. इथे कंपनी ढिली पडली तर तोंड दाखवायची पंचाईत कर्मचाऱ्याची होते, लिफ्टमध्ये, मंडळाच्या मांडवात, आठच्या फास्टमध्ये. तो पुन्हा काही टाकणार नाही.

सातवी पायरी: बक्षीस

दर पोस्टला पैसे देऊ नका. पैसे आले की संख्या वाढते, खरेपणा जातो आणि उघड करण्याची जबाबदारी आणखी वाढते. आभाराची छोटी भेट सगळ्या सहभागींना सारखी द्यावी, किती लाइक मिळाले ते न पाहता. व्हाउचर किंवा रोख दिली तर पेरोलला कळवा, कराचा प्रश्न त्यांनी पाहायचा. लीडरबोर्ड लावू नका. शेवटच्या क्रमांकावरच्या माणसाने काही गुन्हा केलेला नसतो.

भरतीसाठीचा रेफरल बोनस ही वेगळी, जुनी आणि चांगली पद्धत आहे. ती एचआरकडेच राहू द्या.

आठवी पायरी: मोजणी

व्हॉट्सॲपवरून उघडलेली लिंक ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या साधनात) बहुधा 'डायरेक्ट' म्हणून दिसते, आणि मग कोणालाच श्रेय जात नाही. म्हणून लिंकच्या शेवटी यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा, जोडा: स्रोत, माध्यम, मोहीम आणि विषय. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत लिहा, कारण मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मोजली जातात आणि एकाच व्हॉट्सॲपच्या दोन ओळी होतात. त्यात कर्मचाऱ्याचं नाव किंवा नंबर घालू नका. ॲनालिटिक्सच्या नियमांत ते बसत नाही आणि पाळत ठेवल्यासारखंही होतं. कोड लावायचा तर विषयाला लावा.

याहून उपयोगी साधन म्हणजे फोन घेणाऱ्या मुलीचा प्रश्न: "आमच्याबद्दल कुठून कळलं?" उत्तर ती ज्या शब्दांत ऐकेल त्या शब्दांत नोंदवा. "आमच्या बिल्डिंगमधले सावंत बोलले" ही नोंद शंभर लाइकपेक्षा मोलाची. सहा आठवड्यांनी तीन गोष्टी पाहा: ओळखीतून आलेल्या विचारणा किती, त्यांतल्या किती पक्क्या झाल्या, आणि पहिल्या तुकडीतले किती जण स्वतःहून पुढे चालू ठेवायला तयार आहेत. निम्म्याहून कमी तयार असतील तर दुसरी तुकडी घेऊ नका, आधी त्यांच्याशी एकेकट्याने बोला. त्यामागचं कारण बहुतेक वेळा मजकूर हे नसतं. कुठल्यातरी मॅनेजरने "तू का नाही टाकलंस?" असं विचारलेलं असतं.

थांबायचं कधी, आणि माणूस सोडून गेला तर

कंपनीवर बातमी उलटली, मालात दोष निघाला, पगार लांबले किंवा कामगारकपात झाली, की त्याच दिवशी कार्यक्रम थांबवा आणि तसं लेखी कळवा. अशा वेळी कर्मचाऱ्यांना ढाल म्हणून पुढे करू नये. त्यांना ग्रुपवर प्रश्न येणारच, म्हणून दोन ओळींचं खरं उत्तर द्या, नाहीतर "मला याबद्दल बोलता येणार नाही" म्हणायची मोकळीक द्या.

राजीनामा देणाऱ्याच्या यादीत लॅपटॉप आणि आयडी कार्डाबरोबर ही एक ओळ घाला: पुडक्यांच्या ग्रुपमधून नाव काढलं, त्याचा फोटो वापरलेली चित्रं ३० दिवसांत बदलली. त्याच्या जुन्या पोस्ट त्याच्या आहेत. ठेवायच्या की काढायच्या ते तो ठरवेल. फक्त त्यातल्या "इथे काम करतो" या वाक्यात बदल करावासा वाटला तर करा, एवढं त्याला सांगा. आणि नव्या कंपनीत जाऊन त्याने त्याच सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या मालाबद्दल लिहिलं, तर फोन करून जाब विचारू नका.